जुबाच्या माणसांची वाट

तांती इस्मेच्या घरातला सगळ्यात चांगला पलंग अकरा वर्षं तिच्या आईच्या थडग्याच्या दगडाने अडवला होता.

दगड सिमेंटचा होता, दोन माणसांना जेमतेम उचलता येईल असा. अंगावर पांढरी चादर, वरच्या टोकाखाली उशी. कॅरियाकू बेटावर दगड आधी घरी आणून निजवतात, यात नवल काही नाही. ज्याचा दगड त्याला एक रात्र आपल्या घरी झोपू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत कबरीवर न्यायचं. एक रात्र, फार तर दोन. इस्मेकडे तो अकरा वर्षं झोपला होता. शेजारपाजारच्यांनाही त्याची इतकी सवय झाली होती की येता-जाता दाराशी थांबून ते म्हणायचे, "काय मा फिलोमेन, बऱ्या आहात ना?" आणि मग इस्मेकडे मीठ मागायचे.

मा फिलोमेन वारली तेव्हा ब्याण्णव वर्षांची होती. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने इस्मेचं मनगट धरलं होतं. म्हातारीच्या बोटांत अजून होडी ओढायची ताकद होती.

"माझा दगड घाईने बसवू नकोस," ती म्हणाली. "जुबाची माणसं येऊन उभी राहू देत. मग बसव."

"आणि नाही आली तर?"

"तू वाट बघितली नाहीस असं होईल," म्हातारी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

जुबा कोण, ते त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. मा फिलोमेनची आई क्रिस्टीन, तिची आई रोझेट, रोझेटची आई फीबा; आणि जुबा ही फीबाची थोरली बहीण. दोघी बेलमॉन्ट गावाच्या खालच्या बाजूला एका मळ्यावर गुलाम होत्या. एके दिवशी सकाळी दोघी एकाच उखळात मका कांडत होत्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. तेवढ्यात मुकादम कागद घेऊन आला. मालकाने त्रिनिदादला नवी जमीन घेतली होती. कागदावर ज्यांची नावं होती त्यांनी गलबतावर चढायचं. जुबाचं नाव होतं, फीबाचं नव्हतं. जुबाने मुसळ उखळात तसंच उभं ठेवलं आणि गेली. संध्याकाळी फीबाने तो अर्धवट कांडलेला मका पाखडलासुद्धा नाही. तसाच शिजवला.

तेव्हापासून त्या घरात पितरांसाठी ताट वाढायची वेळ आली की ताटं दोन वाढली जात. पहिल्या ताटात मेंढ्याचं मटण, भाताचे वळलेले गोळे, मऊ घोटलेला मक्याचा गोळा, सगळं बिनमिठाचं, कारण मेलेल्यांना मीठ चालत नाही. दुसऱ्या ताटात फक्त तो मका, भरड, दाताखाली कचकचणारा, गुठळ्यांचा. ते जुबाचं. इस्मे बेलमॉन्टमधली नावाजलेली स्वयंपाकीण होती, आणि असलं काही आपल्या हातचं आहे हे तिने मेली तरी कुणाला दाखवलं नसतं. दाखवायची वेळही येत नसे. ताटांची खोली बंद असते. दुसऱ्याच्या ताटांच्या खोलीत कुणी जात नाही, आणि आत काय वाढलंय असं कुणी विचारत नाही. कुणाला पायजम्याची नाडी कुठल्या रंगाची असं विचारतो का आपण?

जुबानंतरही त्या घरातून दर पिढीला कुणी ना कुणी जहाजावर चढलंच. रोझेटचा नवरा पनामाला कालवा खणायला गेला, त्याची फक्त टोपी परत आली. क्रिस्टीनचे दोन मुलगे अरुबाला तेलाच्या कारखान्यात गेले. त्यांतल्या एकाने घरी फ्रीज पाठवला. गावात वीज यायला अजून नऊ वर्षं होती, म्हणून क्रिस्टीन त्यात चर्चचे कपडे ठेवायची. इस्मेचा धाकटा भाऊ कॅनूट इंग्लंडात हडर्सफील्डला लोकरीच्या गिरणीत गेला. पण हे सगळे आपल्या पायांनी गेले होते आणि पत्ता ठेवून गेले होते. जे गेले त्यांना पत्र, ज्यांना नेलं त्यांचं ताट, असा त्या घरचा हिशोब होता.

इस्मे मात्र कुठेच गेली नाही. चौतीस वर्षं ती हिल्सबरोच्या धक्क्यावर आल्याचं सरबत आणि भाजलेले शेंगदाणे विकत होती. त्रिनिदादची बोट लागली की ती टोपली घेऊन शिडीच्या तोंडाशी उभी राहायची. कस्टमचा साहेब पासपोर्ट नंतर बघायचा. आधी इस्मेची चौकशी.

"कुणाच्या तुम्ही? आजी कुठली? आजीची आजी?"

"बाई, मला एक सरबत द्या."

"देते ना. आजीची आजी कुठली ते सांगा."

एकदा तर तिने एका डॉक्टरला दोन दिवस घरी ठेवून घेतलं होतं, कारण त्याचं कपाळ मा फिलोमेनसारखं होतं. तो निघाला बार्बाडोसचा. त्याने जाताना तिचा गुडघा तपासला आणि धक्क्यावर उभं राहू नका असं सांगितलं. तो सल्ला तिने मानला नाही.

यंदा इस्मेने पंचाहत्तरी ओलांडली आणि कॅनूट इंग्लंडहून येऊन थडकला. सोबत दोन मोठ्या बॅगा, पेन्शन आणि पक्का निश्चय.

"आई माझ्या स्वप्नात आली," त्याने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं. "म्हणाली, मला वरून गार लागतंय. दगड घाल."

"तुझ्या स्वप्नात आली?"

"तीनदा."

"तू तिला नऊ वर्षं पत्र लिहिलं नाहीस, आणि ती समुद्र ओलांडून तुझ्याकडे आली. मी इथे तिची चादर बदलते, तर माझ्याकडे यायला तिला दार सापडत नाही."

"तू गाढ झोपतेस, वेल्… तांती," कॅनूट म्हणाला. गावात सगळे तिला तांती, म्हणजे मावशी म्हणत, म्हणून तोही आता तेच म्हणू लागला होता.

"वेल् काय?"

"वेल् काही नाही. इंग्लंडात वाक्य असंच सुरू करतात."

त्याने मेंढा ठरवला, ढोलवाले ठरवले, शनिवार ठरवला. इस्मे जेवणाला हो म्हणाली, ढोलाला हो म्हणाली. दगडाला नाही.

"मग लोक कशाला येणार आहेत?"

"जेवायला. लोक जेवायलाच येतात."

"तू उद्या गेलीस तर हा दगड कोण बसवणार? मी फेब्रुवारीत परत जाणार. माझ्या इंग्लंडातल्या पोरांना तर जुबा कोण तेही माहीत नाही. मग असाच पडून राहील, आणि शेवटी कुणीतरी त्यावर कपडे आपटेल."

ती भीती इस्मेलाही होती. वचन मोडायचं नव्हतं, आणि ते पाळायला आणखी अकरा वर्षं जवळ नव्हती. ती उठली आणि उखळ धुवायला लागली.

शुक्रवारी दुपारी तिने ताटं वाढली. पलंगाच्या खोलीतच, खिडकीखालच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर. दार ओढून घेतलं आणि शेजारच्या बायकांकडे उसनी पातेली आणायला गेली. कॅनूट याचीच वाट बघत होता. दगड तेवढा अंगणात आणून ठेवला तर उद्या लोकांसमोर ती परत आत न्या म्हणणार नाही, असा त्याचा डाव होता. तो खोलीत शिरला, आईची माफी मागितली, दगडाला मिठी मारली आणि ओढला. दगड हलला नाही. मग त्याने पलंगावर चढून मागून लोटून बघितलं. अकरा वर्षं वाळवीने आतून पोखरलेल्या पलंगाला मा फिलोमेन एकटी झेपत होती. हडर्सफील्डचं जेवण जेवलेला कॅनूट जास्तीचा झाला. पाय मोडले, फळ्या मोडल्या, आणि दगड हळूच, अगदी आईसारखा, त्याच्या पावलावर येऊन बसला.

त्याचं ओरडणं पहिल्यांदा टायटस बेडोने ऐकलं. टायटस खालच्या उताराचा शेजारी, होड्या बांधणारा, सत्तरीचा, खांद्यावर कायम एक दोरी. इस्मेचं आणि त्याचं फारसं बरं नव्हतं, कारण त्याचा बोकड दर हंगामात तिच्या तुरीच्या शेंगा खायचा आणि टायटस दर हंगामात म्हणायचा की बोकडाला शेंगा आवडत नाहीत. तो पहार घेऊन आला, तोच समोरून पातेली घेऊन इस्मे आली.

"बाहेर थांब," ती म्हणाली. "आत ताटं आहेत."

"मिस इस्मे, तुमच्या भावाचा पाय आत आहे."

"दुखतंय का रे?" तिने दारातून विचारलं.

"फार," आतून आवाज आला.

तिने दोन श्वास विचार केला आणि बाजूला झाली. "बघू नकोस कुठे."

टायटसने खाली मान घालून पहार लावली, दगड उचलला, कॅनूटने पाय काढून घेतला. पाऊल सुजलं होतं, पण बोटं सगळी हलत होती. पहार घ्यायला टायटस वळला आणि व्हायचं तेच झालं. त्याची नजर टेबलावर गेली. तो थांबला. मग हसायलाच लागला.

"म्हणजे तुम्हालासुद्धा नाही जमत?"

"काय नाही जमत?" इस्मेचा आवाज चढला.

"हा मका. मला वाटायचं माझ्या आईलाच स्वयंपाक येत नव्हता. ती असलाच करायची, भरड, कच्चा. सणाला, दुसऱ्या ताटात."

कॅनूट पाय चोळायचा थांबला.

"कुणाचं ताट?" इस्मेने विचारलं. असं कधी कुणी कुणाला विचारत नाही, पण आज टायटस आधीच आत आला होता.

"आईच्या आईच्या… मला नाव माहीत नाही. आई म्हणायची, हे धाकट्या मावशीचं. जिच्या हातात मुसळ राहिलं तिचं. मी विचारलं, कसलं मुसळ? तर म्हणाली, मला काय ठाऊक, असंच वाढायचं असतं."

इस्मे पातेलं घेऊनच खाली बसली, मोडक्या फळीवर.

तिने त्याला एकेक विचारलं, धक्क्यावर विचारायची तसंच. फक्त या वेळी टोपली नव्हती आणि आवाज बारीक झाला होता. टायटसच्या घराण्यातली पहिली बाई त्रिनिदादहून आली होती. गुलामी सुटल्यावर, काँगो जमातीच्या एका खलाशाबरोबर, पंधरा-सोळा वर्षांची पोर. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. आई या बेटावरची होती, एवढंच तिला माहीत.

"मग तिने शोधलं नाही?" कॅनूट म्हणाला. "बेट सात मैलांचं आहे."

"विचारणार काय? माझ्या आईची बहीण कोण? लोक म्हणणार, तुझी आई कोण? ती म्हणणार, आई." टायटसने खांदे उडवले. "सगळे तिला त्रिनिदादवाली म्हणायचे. पुढे तेच नाव पडलं."

इस्मेला हे कधी सुचलं नव्हतं, आणि सुचणारही नव्हतं. कॅरियाकूत कोण कुठला हे ढोल सांगतो. ढोल वाजला की आफ्रिकेतल्या प्रत्येक जमातीचा वेगळा ठेका येतो, आणि ज्याची जमात त्यानेच रिंगणात उतरायचं. इस्मेचं घर तेमने, टायटसचं काँगो. पण जमात बापाकडून येते. ढोल आईबद्दल काही विचारत नाही. बापाचं नातं सगळ्या गावासमोर अंगणात वाजायचं, आणि आईचं नातं बंद खोलीत ताटात वाढलेलं असायचं. दीडशे वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या जेवणांना आली, एकमेकांचे ठेके ओळखू लागली, मटणात मिरी कमी आहे म्हणाली, आणि दोन्ही घरांची खोली बंद राहिली.

टायटस गेल्यावर इस्मे मागच्या अंगणात नारळ खवत बसली. नारळावर तिचा काहीतरी राग असावा. कॅनूट लंगडत आला.

"मिळाली ना माणसं?"

"मला त्रिनिदादची हवी होती."

"तीच आहेत."

"ती शेजारची आहेत. चौतीस वर्षं मी धक्क्यावर उभी राहिले, कॅनूट. गुडघा घालवला. आणि ती इथे तूर खात होती."

"बोकड खात होता."

"तेच ते." तिने नारळाची दुसरी वाटी उचलली. मग ती म्हणाली, "आई त्याच्या आईशी तेरा वर्षं बोलत नव्हती. माहीत आहे तुला?"

"कशावरून?"

"कुंपणावरून. आपल्याकडे दोन हात सरकवलं म्हणून." तिने खवणी खाली ठेवली. "जुबाची माणसं येतील म्हणून समुद्राकडे बघत बसायची, आणि जुबाचीच माणसं चहा-साखरेला आली तर पाठ फिरवायची. हे तिला कळलं असतं तर तिने काय केलं असतं?"

कॅनूटने खरंच विचार केला. "कुंपण परत मागितलं असतं," तो म्हणाला.

इस्मे हसली. हसता हसता तिला पदर… पदर कुठला, एप्रन लावावं लागलं डोळ्यांना.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "त्याने काय सांगितलं ऐकलंस ना? धाकट्या मावशीचं ताट. म्हणजे जुबा थोरली, हे त्यांच्याकडेही राहिलंय. म्हणजे टायटस थोरल्या घरचा."

"मग?"

"मग काय? कबरीवर पहिलं पाणी थोरल्या घरचं."

कॅनूटच्या आता लक्षात आलं. आईच्या दगडावर पहिलं पाणी ओतायला इस्मे अकरा वर्षं थांबली होती. बाटलीसुद्धा तिने वेगळी काढून ठेवली होती, निळी, बुचाची.

"त्याला काय कळणार आहे?" कॅनूट म्हणाला. "त्याला जुबाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तू ओत. तो दगड उचलेल, जेवेल, खूश होईल. कुणाला काही सांगायलाच नको."

अंधार पडायच्या आत इस्मेने डोक्याला स्वच्छ रुमाल बांधला आणि कुंपणातून वाकून टायटसकडे गेली. त्याच्या ओट्यावर बसून तिने त्याला जुबा आणि फीबाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली: मळा, मुकादम, कागद, उखळात उभं राहिलेलं मुसळ. टायटस रंधा हातात धरून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "जुबा." मग परत म्हणाला, "जुबा," पाटीवर पहिलं अक्षर काढणाऱ्या पोरासारखं.

"बोकडाचं काय?" निघताना इस्मेने विचारलं.

"खातो तो शेंगा," टायटस म्हणाला. "आता घरातच राहिलं म्हणून सांगतो."

शनिवारी दगड निघाला. पुढे तीन ढोल, मागे चादरीत गुंडाळलेली मा फिलोमेन, डोक्याकडे टायटस, पायांकडे त्याचा जावई. कारण कॅनूट काठी टेकत मागून येत होता आणि प्रत्येकाला आपण पाय कसा वाचवला ते सांगत होता. टायटसच्या घरची एकोणीस माणसं होती. त्यांतली बरीचशी दरवर्षीच येत, पण आज ती इस्त्रीचे कपडे घालून आली होती आणि कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. ढोलवाल्यांचाही गोंधळ झाला होता.

"तांती, आधी कुठला वाजवू?" म्होरक्याने हळूच विचारलं. "तेमने का काँगो?"

"आधी माफीचा वाजव," इस्मे म्हणाली. "ती सगळ्यांनाच मागायची आहे."

माफीचा ठेका सुरू झाला तशी दोन्ही घरांची माणसं गुडघ्यांवर बसली. इस्मेला बसता येत होतं पण उठता येत नव्हतं, म्हणून तिला दोघांनी धरून उभी केली. दगड जागेवर बसला, सिमेंट लागलं. सगळ्यांची नजर इस्मेकडे गेली. तिने निळ्या बाटलीचं बूच दातांनी काढलं. बाटली क्षणभर हातातच राहिली. मग तिने ती टायटसकडे केली.

"थोरल्या घरचं पहिलं," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

टायटसला आयुष्यात असं काही करायची वेळ आली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी बाटली धरली आणि होडी पहिल्यांदा पाण्यात सोडताना धुतात तशी, दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओततच राहिला. पाणी नावावरून, तारखांवरून, खाली मातीत.

"बास," इस्मे म्हणाली. "तिला पोहता येत नव्हतं."